दगड मागून येत नाही

ऑफिसातल्या पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही. मी कबनूरहून रोज एसटीनं कोल्हापूरला ये-जा करणार एवढं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. ते माझ्या टेबलाशी आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "कुठल्या सीटवर बसतीस?"

"जिथं मिळेल तिथं," मी म्हणाले. "मिळाली तर खिडकीला."

"खिडकीला बसायचं न्हाई. उजवीकडं तर अजिबात न्हाई. समोरनं उसाची ट्रॉली घासून गेली की पयली तीच बाजू जाती. डाव्या अंगाला, मधल्या रांगंत, आतल्या सीटवर बसायचं. न्हाई मिळाली तर उभारायचं, पण दाराजवळ न्हाई."

मला हसू आलं, ते मी दाबलं. आणि संध्याकाळी परत जाताना खिडकीची जागा रिकामी असूनही मी आतल्या बाजूला बसले. त्यांचं हे असं होतं. आपली भीती ते दुसऱ्याला इतक्या सहज देऊन टाकायचे की घेणाऱ्याला कळायचंही नाही.

आमची विमा कंपनी होती आणि ते मोटार सर्व्हेअर होते. अपघात झालेली गाडी बघायची, नुकसान केवढं, दुरुस्त होण्यासारखी आहे की नाही, हे ठरवायचं. अर्धं आयुष्य त्यांनी फुटलेल्या गाड्या बघण्यात घालवलं होतं. धड गाडी त्यांना कुणी दाखवायला आणतच नव्हतं. त्यामुळे दसरा चौकातून जाणारी कोणतीही गाडी बघितली की ती फुटल्यावर कशी दिसेल ते त्यांना आधी दिसायचं. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं, चहा पिता पिता, माणूस चष्म्याचा नंबर सांगतो तसं.

ऑफिसात सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांच्या पाठीमागं 'हँडब्रेक' म्हणत. रस्ता ओलांडायला त्यांना एवढा वेळ लागायचा की समोरच्या टपरीवाल्याला त्यांचा चहा कधी ओतायचा ते बरोबर कळायचं. ते घरून चालत यायचे. लांब जायचं असलं तर सायकलनं, तीही पाणंदीतून, शेताच्या बांधावरून, मोठा रस्ता टाळून. दुसऱ्यानं चालवलेल्या मोटारीत ते बसत नसत. रिक्षात नाही, एसटीत नाही, मॅनेजरसाहेबांच्या गाडीत तर नाहीच. एकदा सांगलीला मीटिंग होती आणि मॅनेजर त्यांना बरोबर चला म्हणाले. साहेब म्हणाले, "तुमचे पुढचे टायर गुळगुळीत झालेत. तुम्हीही जाऊ नका." मॅनेजर चिडून निघून गेले, पण आठवड्याभरात टायर बदललेले दिसले.

बोलता बोलता मध्येच थांबायची त्यांना सवय होती. पेन हवेत राहायचं, मान एका बाजूला कलायची आणि ते विचारायचे, "आवाज आला काय?"

"कसला, साहेब?"

"ब्रेक लागल्याचा."

आम्ही सगळे कान टवकारायचो. बऱ्याचदा कसलाच आवाज आलेला नसायचा. पण त्यानंतर बराच वेळ कुणाचं कामात लक्ष लागायचं नाही. बाहेर कुठं टायर करकचले की हातातलं काम टाकून मी खिडकीकडं बघायला लागले, ती त्या काळापासून. माझी आई म्हणायची, नोकरी लागल्यापासून पोरगी दचकायला लागली.

दर सोमवारी त्यांच्या हातावर ओरखडे असायचे आणि नखांत काळं ग्रीस. मला वाटायचं, सर्व्हे करताना होत असेल. पण सर्व्हे रविवारी नसायचा. मग एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले आणि जरा लाजल्यासारखे म्हणाले, "तुमच्यात माग हायेत न्हवं? मागाखाली तुटक्या सुताचा बोळा पडतोय, त्यो टाकून देता की काय करता?"

आमच्या घरात चार यंत्रमाग होते. तसला बोळा पोत्यानं पडायचा. मशीन पुसायला, तेल टिपायला त्याच्यासारखं दुसरं काही नसतं.

"आणते की," मी म्हणाले. "पण तुम्हाला कशाला?"

"रविवारी टोपला ये. दाखवतो. हायवेवर उतरलीस की जागची हलू नको. गौरी न्यायला येईल. तिच्याबिगर रस्ता ओलांडायचा न्हाई."

गौरी म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, सडसडीत, बापासारखंच बोलताना मान कलती करणारी. तिनं माझ्या हातातलं पोतं घेतलं आणि आम्ही हायवे ओलांडून आत निघालो. टोपच्या बाजूला दगडाच्या खाणी आहेत. त्यातली एक बंद पडलेली होती. वर गवत वाढलेलं, खाली काळ्या दगडाच्या पायऱ्या पायऱ्या झालेल्या, आणि तळाला हिरवं पाणी साठलेलं. खाणमालक साहेबांच्या ओळखीचा होता. तिथं कडेला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये ती गाडी उभी होती.

जुनी फोर-व्हील पिकअप, पुढं दोघांपुरती केबिन आणि मागं माल टाकायचा हौदा. राधानगरीकडच्या एका सरकारी लिलावात त्यांनी ती घेतली होती. चालू नव्हतीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून आणली. साहेब त्या ट्रॉलीत बसले नाहीत. काठीला लाल फडकं बांधून ते तिच्या मागून राधानगरीपासून चालत आले, वाटेत एक मुक्काम करून. ट्रॅक्टरवाला वैतागून गेला होता म्हणे, पण करतो काय.

मग त्यांनी आणि हुसेनभाईंनी मिळून ती गाडी पुन्हा उभी केली. हुसेनभाई उद्यमनगरातले वेल्डर. साहेबांच्याच वयाचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलायला मोकळे. हौदा कापून निम्मा केला होता. केबिनचं टप काढून टाकून त्या जागी जाड पायपांचा पिंजरा वेल्ड केला होता, गाडी उलटली तरी आतला माणूस चेपू नये म्हणून. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी इतकी वर उचलली होती की मला आत चढता येईना. चाकं लष्कराच्या भंगारात निघालेल्या ट्रकची, आणि त्यातली हवा इतकी कमी की मला वाटलं पंक्चरच आहेत.

"पंक्चर न्हाईत, ताई," गौरी म्हणाली. "टायर मऊ असला की दगडाला धरून बसतो."

मागच्या दोन्ही चाकांमधलं, वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्सल हुसेनभाईंनी वेल्डिंग मारून जाम करून टाकलं होतं. म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी दुसरं फिरत राहणार. अशी गाडी डांबरी रस्त्यावर धड वळत नाही. साहेबांना त्याचं काही नव्हतं. ती रस्त्यावर जायचीच नव्हती. तिला नंबरप्लेटसुद्धा नव्हती.

त्या दिवशी त्यांनी मला गाडी दगडावर चढवून दाखवली. मी समजत होते की मोठा आवाज होईल, धूळ उडेल, गाडी उड्या मारेल. तसलं काहीच झालं नाही. ती मुंगीच्या चालीनं निघाली. पुढचं एक चाक दगडाशी आलं, थांबलं, चाचपल्यासारखं करून वर चढलं. मग दुसरं. गाडी एका अंगाला इतकी कलली की मी डोळ्यांवर हात घेतला. हुसेनभाई पुढं उभे राहून हातानं दाखवत होते, जरा डावं, बस, आता उजवं. साहेब खिडकीतून वाकून खालच्या दगडाकडं बघत होते. त्यांचा चेहरा घामानं भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. मला कळेना की एवढी भीती वाटत असताना हा माणूस हे करतो कशाला.

खाली उतरल्यावर मी तसं विचारलं.

"वाटतीय की भीती," ते म्हणाले. हात त्या सुताच्या बोळ्यानं पुसत होते. "रोज वाटतीय. पण रस्त्यावर तिचा काय उपयोग न्हाई. तू किती भ्यालीस तरी मागनं येणाऱ्याला झोप लागायची ती लागतीच. हितं तसं न्हाई. दगड आपल्या जागंवर असतोय. मागनं येऊन ठोकत न्हाई. हितं जितकं भ्याशील तितकं नीट दिसतंय."

हुसेनभाई हसले. म्हणाले, "साहेबांच्यासारखा भ्याणारा डायवर मी नाही बघितला. म्हणून तर ह्यांच्यासंगट काम करतो."

त्यानंतर मी बऱ्याच रविवारी तिथं गेले. का जायची ते मला नीट सांगता येणार नाही. सबंध वेळ जीव टांगणीला लागलेला असायचा, आणि संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर मात्र आठवड्यात पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या घरीही कधी कधी जायची. वहिनींना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. नवरा आणि मुलगी खाणीवर गेली की ती परत येईपर्यंत त्या गॅस पेटवत नसत. भाकरीचं पीठ परातीत काढून ठेवायच्या आणि खिडकीशी बसून राहायच्या. "रस्त्याचं भ्या वाटतं म्हणून दगडावर चढायचं," त्या मला म्हणाल्या, "हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलंय ह्यांना? आणि स्वतः जातात ते जातात, लेकराला कशाला नेतात?"

लेकराला नेण्याचं कारण स्कूटर होतं. गौरीच्या सगळ्या मैत्रिणी स्कूटरवरून कॉलेजला जायला लागल्या होत्या. तिनं मागितली. साहेबांनी नाही म्हटलं नाही, त्यांनी तिला ज्या गॅरेजात अपघाताच्या गाड्या येऊन पडत तिथं नेलं आणि एका कोपऱ्यातली स्कूटर दाखवली. त्या स्कूटरवर कोण होतं तेही सांगितलं. गौरी घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. मग ती म्हणाली, "आप्पा, मग मला चालवायला शिकवा तरी. रस्त्यावर न्हाई तर न्हाई." आणि त्यांनी तिला खाणीत शिकवलं.

मी तो माणूस शिकवताना बघितला आहे. तिथं ते निराळेच असत. गाडीच्या पुढं उलटं चालत, हात वर धरून, बोटांनी दाखवत. "घाई न्हाई. क्लच सोड. पाय काढून घे. गाडीला तिचं तिचं चढू दे." इंजिन बंद पडलं तर घाबरायचं नाही, खालचा गिअर पडलेला असला की गाडी जागेवर धरून राहते. मग क्लच न दाबताच स्टार्टर मारायचा, म्हणजे गाडी मागं घरंगळत नाही, स्टार्टरच्या जोरावर तसूभर पुढं सरकते. हे सगळं त्यांनी तिच्याकडून इतक्यांदा करून घेतलं होतं की मलाही पाठ झालं. ती हुशार निघाली. त्यांच्यापेक्षा पुष्कळ हुशार. आणि जसजशी ती तयार होत गेली तसतसे ते जास्त खंगायला लागले. वजन उतरलं. ऑफिसात मान कलती करून बसून राहायचे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. माझ्या अंगात ताप होता म्हणून मी ऑफिसला गेले नाही. घरी फोन नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजलं. आईनं उघडलं तर दारात साहेब, सायकल धरून, गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेले. एवढा माणूस कोल्हापूरहून कबनूरला सायकलनं आला होता.

"हायस व्हय?" ते मला म्हणाले.

"आहे की. काय झालं?"

त्यांनी उंबऱ्यावरच बसकण मारली. आईनं पाणी दिलं, ते प्याले. आणखी मागितलं. मग त्यांनी सांगितलं की सकाळची माझी नेहमीची एसटी हातकणंगल्याजवळ ट्रकला धडकली होती. पुष्कळ जण जखमी झाले होते. ऑफिसात बातमी आली तेव्हा माझी खुर्ची रिकामी होती. ते आधी अपघाताच्या ठिकाणी गेले, मग दवाखान्यात, मग आमच्या घरी.

"मधल्या रांगंतली डावीकडची आतली सीट धड हाय," ते म्हणाले. "मी आत चढून बगून आलो."

आई त्यांना आत बोलावत होती. ते आत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. चालू मागांच्या खडखडाटात उभे राहिले आणि एका मागाकडं बोट दाखवून माझ्या वडिलांना म्हणाले, "हा पट्टा उघडा ठेवलाय तुम्ही. बायकांचा पदर अडकंल. जाळी बसवून घ्या." चहा न घेताच गेले. वडिलांनी दुसऱ्या दिवशी जाळी बसवली. आणि मी त्या दिवशी ताप उतरल्यावरही अंथरुणातून उठले नाही. मला सारखी ती सीट दिसत होती, धड.

पुढं माझी सांगलीला बदली झाली, लग्न झालं, मी स्वतः गाडी चालवायला शिकले. दोन हजार सालानंतर कधीतरी कोल्हापुरातल्या हौशी पोरांचे गट तयार झाले. नव्या नव्या जीपा घेऊन ती गगनबावड्याच्या बाजूला ओढ्यांतून, दगडांतून जायची. त्यांना साहेबांचा पत्ता कुणीतरी दिला. ती पोरं मोठ्या आदरानं त्यांना एका स्पर्धेला परीक्षक म्हणून घेऊन जाणार होती. न्यायला गाडी आली. साहेब सायकलनं जातो म्हणाले, आणि गेलेच नाहीत. नंतर पोरं खाणीवर आली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्यांची गाणी बंद करायला लावली. "एवढ्या दंग्यात दगड हलल्याला ऐकू येतोय काय तुम्हाला?" पोरं हसली. पण एक जण मला नंतर म्हणाला, "त्यांच्यासमोर चालवताना हातापायाला घाम फुटतो हो. ते बघतात ना, आपण मेलोय असं वाटतं."

त्या पोराला जे वाटलं ते मी खूप आधी बघितलं होतं. ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

माझी बदली व्हायच्या आधीचा मे महिना होता. गौरीची परीक्षा होऊन गेली होती आणि तिला पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं. प्रवेश मिळण्यासारखे मार्क होते. साहेब हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. पुण्याचा विषय निघाला की त्यांना बाहेर कसला तरी आवाज आल्यासारखा व्हायचा. घरात तिघंही एकमेकांशी तुटक बोलत होती.

खाणीच्या एका टोकाला एक मोठा काळा दगड होता. खाणीतले जुने कामगार त्याला म्हैस म्हणत. रुंद पाठ, मध्ये एक खांदा, आणि डाव्या अंगाला सरळ खाली पाणी. साहेब त्यावर कितीतरी वेळा निम्म्यापर्यंत गेले होते आणि मागं फिरले होते. त्या रविवारी गौरी गाडीत बसली, इंजिन सुरू केलं आणि म्हणाली, "आप्पा, आज म्हशीवर घालते."

मला वाटलं, ते आता चावी काढून घेतील. हुसेनभाईंनाही तसंच वाटलं असावं, ते पुढं सरकले होते. साहेबांनी दगड खालपासून वरपर्यंत नजरेनं मोजून घेतला.

"घाल," ते म्हणाले. मग हळू आवाजात आम्हाला म्हणाले, "मी न्हाई म्हणलं तर मी नसताना घालंल."

ते दगडावर चढून पुढं उभे राहिले, हात वर करून. हुसेनभाई गाडीच्या मागं, चाकाखाली घालायला लाकडी ओंडका घेऊन. मी उजवीकडं, दगडाच्या वरच्या अंगाला.

सुरुवात चांगली झाली. पुढची चाकं खांद्यावर आली. साहेबांची बोटं हलत होती, तसतशी गाडी हलत होती. मागचं उजवं चाक चढलं. मागचं डावं खडीच्या भुग्यावर आलं आणि घसरलं. गाडी कडेकडे सरकली, हातभर असेल. मग कसला तरी ठोका बसल्यासारखी ती थांबली. इंजिन बंद पडलं. पुढचं उजवं चाक हवेत उचललं गेलं होतं आणि हळूहळू फिरत होतं, मग तेही थांबलं. गाडी पाण्याच्या बाजूला कलली होती. खाली कुठंतरी एक दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला.

गौरीनं काचेतून समोर बघितलं. साहेबांचा हात वर होता. बोटं अर्धवट मिटलेली. हात हलत नव्हता.

"आप्पा?" ती म्हणाली.

तिनं स्टिअरिंगवर पुढं वाकून पुन्हा विचारलं,

"आप्पा, डावं की उजवं?"

त्यांचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. ते तिच्याकडंच बघत होते आणि ते काय बघत होते ते मला कळलं. ते सर्व्हे करत होते. गाडी पाण्याच्या तळाला गेल्यावरची, पत्रा आत आलेली, काच फुटलेली. त्यांच्या डोळ्यांपुढं ते आधीच होऊन गेलं होतं.

"साहेब, बोला," हुसेनभाई खालून म्हणाले. आवाज चढवायची त्यांना भीती वाटत असावी.

"मी उतरू काय?" गौरीनं विचारलं.

"नको बेटा. उतरलीस की वजन हलंल. बसून ऱ्हा," हुसेनभाई म्हणाले.

ऊन वाढलं होतं. डिझेलचा वास येत होता. मला वाटत होतं आपण काहीतरी करावं, आणि मी त्या हवेतल्या चाकाकडं बघत उभी होते. वहिनी घरी खिडकीशी बसल्या असतील, परातीत पीठ काढून, हे मनात आलं आणि मला रडू यायला लागलं.

गौरी अजून त्या हाताकडंच बघत होती. मग तिनं नजर काढून घेतली. मला ते स्पष्ट दिसलं. तिनं एकदा दोन्ही तळवे ड्रेसला पुसले, स्टिअरिंग धरलं आणि समोर न बघता विचारलं, "हुसेनचाचा, मागचं डावं कशाला टेकलंय?"

"कपारीला. चांगलं अडकलंय. मागं चार बोटं जागा हाय."

"ओंडका लावा तिथं. लावला की लांब जावा. ताई, तुमच्याकडचं पुढचं चाक हवेत हाय न्हवं? केवढं?"

"वीतभर," मी म्हणाले.

"खाली दगड हाय का मोकळं हाय?"

मी वाकून बघितलं. "दगड आहे. पुढं, जरा उजवीकडं. चाक खाली आलं तर त्याच्यावर येईल."

"बरं."

हुसेनभाईंनी ओंडका ठोकून बसवला आणि बाजूला झाले. गौरीनं स्टिअरिंग उजवीकडं वळवलं. क्लचवर पाय ठेवला नाही. स्टार्टर मारला. गाडी खोकल्यासारखी हलली, तसूभर पुढं आली, आणि हवेतलं चाक त्या दगडावर टेकलं. पुन्हा स्टार्टर. पुन्हा तसूभर. तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि गाडी पाण्याकडची बाजू सोडून वर निघाली, तिच्या तिच्या चालीनं.

साहेब वाटेतच उभे होते. बंपर त्यांच्या गुडघ्यांपाशी आला तेव्हा त्यांनी एक पाऊल मागं घेतलं. मग आणखी एक. हात तसाच वर, बोटं अर्धवट मिटलेली, आणि ते उलट्या पावलांनी वर चालत होते, समोरून गाडी येत होती. त्यांनी तिला काहीच दाखवलं नाही. तिनंही विचारलं नाही. म्हशीच्या पाठीवर सपाटी लागली तशी तिनं गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

तेव्हा कुठं त्यांचा हात खाली आला. ते गाडीच्या मागं गेले, गुडघ्यांवर बसले आणि ओकले. हुसेनभाईंनी पाण्याची बाटली नेऊन दिली. चूळ भरून ते परत आले. सवयीनं एकेका चाकाचे नट बोटांनी चाचपत गाडीभोवती फिरले आणि गौरीच्या खिडकीशी थांबले.

"मला काय सुचंना झालं," ते म्हणाले.

"दिसलं मला."

"तू माझ्याकडं बगत बसली असतीस तर..."

"बसले न्हाई, आप्पा."

त्यांनी मान हलवली. गौरी आता रडत होती, आवाज न करता, आणि ते तिच्याकडं बघत नव्हते, दगडाच्या उताराकडं बघत होते. गाडी वर तर आली होती, पण खाली न्यायची होती, आणि चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, समोर नुसतं पाणी दिसतं.

"साहेब, उतरताना तुम्ही बसा," हुसेनभाई म्हणाले. "पोरगी दमलीय. मी हात करतो."

साहेब गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. तिथल्या सीटवर पाने, जॅक आणि आमच्या घरचा सुताचा बोळा पडला होता. त्यांनी ते सगळं उचलून हौद्यात टाकलं, पिंजऱ्याच्या पायपाला धरून वर चढले आणि बसले. पट्टा बांधला. ओढून बघितला. सोडून पुन्हा बांधला.

मी हुसेनभाईंकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते. आमच्या दोघांच्याही आठवणीत हा माणूस दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसलेला नव्हता.

"आप्पा, काय करताय?"

"बसलोय. तू चालव."

गौरीनं डोळे पुसले. जूनमध्ये ती पुण्याला गेली, आणि साहेब तिला सोडायला स्टँडवर जाऊन एसटीची सगळी चाकं बघून आले, पण ते नंतरचं. त्या वेळी तिनं फक्त चावी फिरवली. साहेबांनी दोन्ही हातांनी पायप घट्ट धरला होता. नखं पांढरी झाली होती, डोळे गच्च मिटलेले होते. गाडीचं तोंड उताराकडं वळलं.

"चाक कुठं टाकू?" तिनं विचारलं. "डावीकडं घेऊ का मधनं?"

साहेबांनी डोळे उघडले नाहीत.

"तुला दिसतंय तिकडं टाक," ते म्हणाले.